हळदीची गोळी, सालईचा डिंक की सदाफुली? ब्रेन ट्यूमरच्या घरात निवड करताना

खानापूर भागात माझं औषधाचं दुकान आहे. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड 4’, म्हणजे मेंदूची अतिशय आक्रमक गाठ, असं आलं की घरात एकदम दोन चर्चा सुरू होतात. रेडिएशन बेळगावातच घ्यायचं, बेंगळूरूच्या निम्हान्सला जायचं की मुंबईत टाटाला, ही एक. दुसरी मोबाइलवर आलेल्या व्हिडिओंची. पहिलीला उत्तर द्यायला डॉक्टर असतात. दुसरी माझ्या काउंटरवर येते: ‘‘हळदीची गोळी सुरू करू काय?’’

तुलना कशाशी करायची ते आधी ठरवू. ग्लिओब्लास्टोमात ऑपरेशननंतर रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल देतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 573 रुग्ण होते. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ) 12.1 महिने भरलं, कॅप्सूल जोडलेल्यांचं 14.6. दोन वर्षं ओलांडणारे 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेले. आकडे वाचून पोटात खड्डा पडतो, हे मला ठाऊक आहे. एवढ्यावर समाधान न मानता माणसं आणखी काही शोधतात, त्यात त्यांची काही चूक नाही. पण जे शोधाल त्याला तोच प्रश्न विचारा जो या कॅप्सूलला विचारला गेला: माणसांत तपासलंय का, आणि मेंदूपर्यंत पोहोचतं का?

दुसरा प्रश्न नेमका इथेच अवघड होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं बहुतेक काही आत जाऊच शकत नाही. टेमोझोलोमाइड जातं, रक्तातल्या प्रमाणाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं ते मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडतं. काचेच्या बशीत गाठीच्या पेशी मारणारे पदार्थ मात्र स्वयंपाकघरात ढिगाने आहेत. कांद्यातलं क्वेरसेटिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, ग्रीन टीतलं ईजीसीजी. बशीतल्या पेशींवर ते थेट ओतलेलं असतं. माणसात त्याला आतडं, यकृत आणि मग मेंदूची ती भिंत ओलांडावी लागते.

हळदीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे विचारणा तिचीच जास्त. रायबाग भागातली, सांगलीच्या बाजारातली, कुठलीही चांगली हळद घ्या, त्यात कर्क्युमिन, म्हणजे जिच्यासाठी हळदीचं नाव घेतात ते पिवळं द्रव्य, साधारण तीन टक्के. म्हणजे आमटीत चिमूटभर पडली तर कर्क्युमिन काही मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात उतरतं ते नाममात्र. 2016 मध्ये एका प्रयोगात 13 ग्लिओब्लास्टोमा रुग्णांना ऑपरेशनच्या आधी चार दिवस, शोषण वाढेल अशा पद्धतीने बनवलेलं कर्क्युमिन दिलं आणि काढलेली गाठ तपासली. गाठीत कर्क्युमिन मिळालं! ही बातमी खरीच आशेची. पण मिळालं ते एका मिलिग्रॅम गाठीत सरासरी 56 पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा अब्जावा हिस्सा). बशीत पेशी मरायला लागतं त्याच्या मानाने फारच थोडं. आणि चार दिवसांच्या औषधाने आयुष्य वाढतं की नाही हे कळणार तरी कसं?

आता हळदीच्या गोळ्यांच्या डबीकडे बघा. लेबलवर बहुधा असं असतं: कर्क्युमिन 500 मिलिग्रॅम, खाली बारीक अक्षरात पिपेरिन 5 मिलिग्रॅम. पिपेरिन म्हणजे काळ्या मिरीचं सत्त्व. ते घातल्यावर कर्क्युमिनचं शोषण सुमारे 20 पट वाढतं, हे 1998 मध्ये बेंगळूरूच्याच सेंट जॉन्समधल्या संशोधनात दिसलं. पण ते यकृताला जसं कर्क्युमिन मोडू देत नाही, तसंच दुसऱ्या औषधांच्या बाबतीतही करतं. फिटसाठी फेनिटॉइन चालू असलेल्या माणसाच्या रक्तात फेनिटॉइनचं प्रमाण वाढू शकतं, आणि वाढलं की तोल जातो, डोळे फिरतात. घरच्यांना वाटतं गाठच वाढली. शिवाय हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत, त्यांतल्या काही गोळ्यांत हेच पिपेरिन होतं. टेमोझोलोमाइडवर असताना प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या आधीच चालू असतात. त्यात बिघाड दिसला तर दोष कुणाचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून ताटातल्या हळदीला माझा काहीच विरोध नाही, डबीतल्या हळदीला आहे.

कोबी-ब्रोकोलीचं चटकन सांगतो. त्यांचं नाव घेतात ते सल्फोराफेन या द्रव्यासाठी. ते भाजी चिरल्यावर तयार होतं, आणि लगेच शिजवली तर ते तयार करणारं एन्झाइम मरतं. बेळगाव तालुक्यात पिकतो तो साधा कोबी, त्यात या द्रव्याचा कच्चा माल ब्रोकोलीपेक्षा कमी. भाजी म्हणून जरूर खा.

सालईचा डिंक खाण्यातला नाही, तरी या यादीत तो मला सगळ्यात जमिनीवरचा वाटतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडिएशन घेणाऱ्या 44 जणांपैकी निम्म्यांना रोज 4200 मिलिग्रॅम सालईचा अर्क दिला. मेंदूची सूज तीन चतुर्थांशाहून जास्त उतरली ती अर्कवाल्यांत 60 टक्के जणांची, बनावट गोळीवाल्यांत 26 टक्के जणांची. ही सूज उतरवायलाच डेक्सामेथासोन देतात, ज्याने साखर वाढते, चेहरा सुजतो, झोप उडते. म्हणजे इथे फायदा आहे, पण सुजेपुरता. गाठ बरी झाल्याचं कुणी दाखवलेलं नाही. काहींना जुलाब झाले. दुकानात ‘शल्लकी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या चाचणीतल्या अर्काइतक्या असतील असं धरू नका, आणि डेक्सा स्वतःच्या मनाने तर कधीच कमी करू नका.

आणि सदाफुली. तुळशीवृंदावनाजवळ जांभळी-पांढरी फुलते तीच. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन काढतात, आणि ते खरंखुरं कॅन्सरचं औषध आहे. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या वेगळ्या गाठीत, 1पी/19क्यू हा जनुकीय बदल (गुणसूत्रांचे दोन तुकडे गळालेले) असेल तर, रेडिएशनला पीसीव्ही हे तीन औषधांचं मिश्रण जोडल्यावर एका चाचणीत मध्यक आयुष्य 7.3 वर्षांवरून 14.7 वर्षांवर गेलं. त्या तिघांतलं एक व्हिन्क्रिस्टिन. पण ते मेंदूत नीट शिरत नाही म्हणून काही डॉक्टर आता ते गाळून उरलेली दोनच देतात. वनस्पतीतून आलेलं, साऱ्या जगात मान्य झालेलं औषध, तरी त्यालाही ती भिंत चुकलेली नाही. ‘‘मग पानंच चावली तर?’’ असं विचारणारे भेटतात. नको. शेकडो किलो सुक्या पानांतून ग्रॅमभर औषध निघतं. पानं चावून ते मिळत नाही, उलट पानातली बाकीची विषारी द्रव्यं पोटात जातात.

ही भिंत चुकवण्यासाठी ब्राझीलमध्ये पेरिलिल अल्कोहोल नाकावाटे हुंगायला देऊन बघितलं. हे द्रव्य लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि पुदिन्यात असतं. या वाटेवर मी आशेने नजर ठेवून आहे. मात्र ते प्रयोगाच्याच टप्प्यावर आहे, आणि संत्र्याचं तेल रुमालावर घेऊन तो उपचार होत नाही.

माझ्या घरात ही वेळ आली तर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड एक दिवसही पुढे ढकलणार नाही. सूज फार असेल तर सालईबद्दल रेडिएशनच्या डॉक्टरांना सरळ विचारेन. कर्क्युमिनची गोळी घेणार नाही. ऑपरेशनच्या तोंडावर तर नाहीच, कारण तिने रक्त थोडं पातळ होऊ शकतं. तुमच्या घरी अशी डबी आधीच उघडलेली असेल तर ती लपवू नका, लेबलचा फोटो काढून पुढच्या ओपीडीत फाइलसोबत दाखवा, आणि फिटची गोळी कुठली चालू आहे तेही त्याच वेळी सांगा.