अलिबागेत घोड्याचं सामान: काय घ्यावं, काय खुंटीलाच राहू द्यावं

अलिबागच्या बाजारातल्या या पशुखाद्याच्या दुकानाची दर्शनी बाजू कुत्र्यामांजरांची. पट्टे, साखळ्या, शॅम्पू, सीलबंद खाद्य सगळं मिळतं आणि माल ताजा असतो. फक्त पावसाळ्यात सुटं, वजनावरचं खाद्य घेऊ नका, दमट हवेत आठवड्यात बुरसतं. आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, जिवावर बेततं. या बाजूला पाचपैकी चार तारे.

घोड्याचं सामान मागे, पेंडीच्या पोत्यांपलीकडे. तिथे अडीच.

खोगीर, तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा), रिकिबीचे म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांचे पट्टे बहुतेक कानपूरचे. चामडं जाड आहे, पण शिवण बघून घ्या: सुती दोरा खाऱ्या हवेत कुजतो आणि रिकिबीचा पट्टा नेमका दौडीत तुटतो. नायलॉनच्या दोऱ्याची शिवण मागा. रोज वाळूवर काम असेल तर तंग चामड्याचा नकोच, जाड सुती किंवा नायलॉन पट्टीचा घ्या. घाम आणि मीठ गोड्या पाण्याने धुऊन टाकता येतं.

कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग (आता सगळे बिटच म्हणतात), स्टेनलेस स्टीलचंच. मुलामा दिलेलं स्वस्त पडतं, पण किनाऱ्यावर मुलामा सोलपटतो आणि त्याच्या धारेने ओठ कापतो. माप घरूनच न्या: तोंडातून सुतळी घालून दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी गाठी मारा. घातल्यावर कडी दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त बाहेर राहिली तर ती सरकते, तोंड सोलवटतं.

आता खरी तक्रार. 'घोडा ऐकत नाही' म्हटलं की खुंटीवरून काटेरी लगाम काढून हातात दिला जातो. जनावरांना आवरायला काटेरी बिट वापरणं 1965 च्या ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांच्या नियमांनुसार बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग शून्य. काट्याने तोंड सोलतं, खपली धरते, कातडी निबर होते. मग पुढचा लगाम याहून टोकदार लागतो.

ऐकत नसलेल्या घोड्याचं आधी तोंड आणि पाठ बघा. दातांच्या धारदार कडा, जिभेवरची जखम, खोगिराखाली दाबल्यावर पाठ खचवणं, यातलं काही सापडलं तर लगाम बदलून काही होणार नाही. हे ठीक असेल तर दोष शिकवण्यात असतो. किनाऱ्यावर हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे पाठीवरचा पर्यटक घाबरून वाग (हातात धरायचा लगामाचा पट्टा) ओढतो आणि मागून मालक हाकारतो. थांब आणि चल एकाच वेळी. घोडा दोन्ही कानाआड करतो, त्याची चूक काय?

सुधारायला ओहोटीची ओली, घट्ट वाळू निवडा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पायाच्या शिरा ताणल्या जातात. घोडा उभा असताना एकच वाग हलकेच घ्या आणि ताण न वाढवता धरून ठेवा. नाक अंगठ्याएवढं वळलं की त्याच क्षणी सैल सोडा. घोडा ओढण्याने शिकत नाही, सुटण्याने शिकतो. सोडायला दोन सेकंद उशीर झाला तर आपण नक्की कशाबद्दल सुटलो हेच त्याला कळत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, मग पुढे. चालवताना पोटऱ्या हलक्या दाबा, हलला नाही तर टाच, तरीही नाही तर टाचेमागे छडीचा एक स्पर्श. निघाला की पाय गप्प. पावलागणिक टाच मारत राहिलात तर चार दिवसांत ती त्याला माशी बसल्यासारखी वाटू लागते.

खाद्यात मात्र जपून. कोंबड्यांचं खाद्य 'स्वस्तात ताकद' म्हणून कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांच्या रोगावरचं औषध असू शकतं. कोंबडीला चालतं, घोड्याचं हृदय मात्र थोड्याशा मात्रेने निकामी होतं. गुरांना लावायचं गोचिडाचं औषध अमिट्राझही नको, त्याने घोड्याचं आतडं थंडावतं आणि पोटशूळ उठतो. नुसता भाताचा पेंढा आणि गव्हाचा कोंडा यावर ठेवलेल्या घोड्याला कॅल्शियम कमी पडतं, तोंडाची हाडं सुजतात. घाटावरून येणारा वाळका लसूणघास इथे मागवल्यावर मिळतो, थोडा तरी रोज द्या. तीनशे किलोच्या घोड्याला एकूण वाळका चारा सहा किलोच्या आसपास.

चारा वाळूवर टाकू नका, इथे पोटशूळाचं तेही एक मोठं कारण. शंका आली तर ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात विरघळवा आणि पाणी हळूहळू ओता. तळाशी वाळू राहिली तर चारा टोपलीत किंवा तोबऱ्यात द्यायला लागा. तोबरे दुकानात मिळतात, पण जाळीदारच बघून घ्या. प्लॅस्टिकच्या पोत्याचे शिवलेले तोबरे नाकपुड्यांवर चिकटतात.