बंद पडलेल्या कंपनीची कस्टम बाईक: इंजिनचे पार्ट मिळतात, वायरिंगचा डबा मिळत नाही

बरेच महिने चालवून झाल्यावर माझं मत असं झालंय: बंद पडलेल्या कंपनीची कस्टम बाईक घेताना इंजिनची चिंता करू नका, सीटखालच्या काळ्या डब्याची करा. माझी बाईक म्हणजे ११७ क्युबिक इंचांचं, म्हणजे १९१७ सीसीचं व्ही-ट्विन (V आकारात दोन सिलिंडरचं इंजिन), सहा गिअर, मागे २५० चा, म्हणजे २५० मिमी रुंद टायर. लिहायला बसलो तो त्या डब्यामुळे. आधी डावा इंडिकेटर गेला. मग ब्रेक लाइट आपोआप पेटून राहायला लागला. आणि एके दिवशी उतारावर चालू गाडीचं इग्निशनच गेलं. इंजिन ठणठणीत, पेट्रोल येतंय, बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवतेय, आणि गाडी जागची हलत नाही.

त्या डब्याचं काम सांगतो. साध्या बाईकमध्ये फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) असतात. माझ्या बाईकच्या कंपनीने ते सगळं काढून एकच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. हँडलच्या बटणांकडून त्याला फक्त बारीक सिग्नल जातो. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, इग्निशन, सेल्फचा रिले या सगळ्यांना करंट द्यायचा की नाही ते मॉड्यूल ठरवतं. हँडलवर बारीक वायरी चालतात, गाडी स्वच्छ दिसते, इंडिकेटर आपोआप बंद होतो. नवी असताना छान वाटत असणार. पण हा डबा दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नाही. आतून घट्ट रसायन ओतून बंद केलाय, त्यामुळे उघडून बघताही येत नाही. वरचा नंबर कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. कुठल्या पिनेवर काय येतं याचा नकाशा कंपनीबरोबरच गेला.

माझी चिडचिड या शेवटच्या गोष्टीवर आहे. साधा मोटारीचा रिले हातात घ्या. खाली ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल, ३० वर बॅटरीकडून येणारा करंट, ८७ वरून पुढे दिव्याला. हे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि जगभरचे रिले बनवणारे ते पाळतात. कंपनी बुडाली, मालक गेला, मॅन्युअल हरवलं, तरी रिले वाचता येतो. कारखान्याने डब्यावर पिनांची नावं छापली असती तर त्याला काहीच खर्च आला नसता, आणि आज माझ्यासारख्यांच्या गाड्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या नसत्या.

या सगळ्या बाईक साधारण एकाच लाटेतल्या आहेत. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या चॉपरना (पुढचा फोर्क लांब असलेल्या कस्टम बाईकना) प्रचंड मागणी होती. मग मंदी आली. फोर्ट वर्थची अमेरिकन आयर्नहॉर्स २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, विचिटाच्या बिग डॉगने २०११ मध्ये उत्पादन थांबवलं. त्याआधी १९९९ च्या डिसेंबरात एक्सेल्सिअर-हेंडरसन गेली होती, २००३ मध्ये गिलरॉयची इंडियन. पण बुडालेल्या कंपन्यांच्या सगळ्या मालकांचे हाल सारखे नाहीत. एक्सेल्सिअर-हेंडरसनने स्वतःचं १३८६ सीसीचं इंजिन बनवलं होतं, चार व्हॉल्व्हचं, इंजेक्शनचं, त्या काळात पुढचं. बाईक बनल्या दोन हजारांच्या आसपास. तेवढ्याशा गाड्यांसाठी पिस्टन कोण ओतणार? उलट ज्या कंपन्यांनी इंजिन एस अँड एसकडून घेतलं, गिअरबॉक्स बेकरकडून, ब्रेक परफॉर्मन्स मशीनकडून, त्यांच्या बाईकचे मालक आजही सुखात आहेत. 'नुसते बाहेरचे पार्ट जोडलेत' असं म्हणून लोक ज्या बाईकला नाक मुरडायचे, तीच आज सहज दुरुस्त होते. मीही पूर्वी स्वतःचं इंजिन बनवणाऱ्या कंपनीलाच खरी कंपनी मानायचो. आता मानत नाही.

म्हणून पार्ट शोधताना पहिली गोष्ट: बाईकचं नाव विसरा. बाईकच्या नावाने शोधलं की दुर्मीळ म्हणून चढ्या भावाचा माल समोर येतो, किंवा काहीच येत नाही. पार्ट काढा, पुसा, त्यावर कोणाचा शिक्का आहे ते बघा. माझ्या इंजिनचं गॅस्केट मला इंजिनच्या नंबरावरून आणि ४ १/८ इंच बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) मापावरून मिळालं. बाईक कुठली हे कोणी विचारलंही नाही. कार्बोरेटरच्या जेट, फ्लोट, डायफ्रॅमचंही तसंच. गिअरबॉक्स मात्र जरा जपून मागवावा लागतो. मागचा टायर एवढा रुंद असला की मागचं चाक फिरवणारा बेल्ट डावीकडे ठेवायला जागा उरत नाही, म्हणून या बाईकवर तो उजवीकडे घेतलेला असतो. नेहमीच्या डाव्या बाजूच्या गिअरबॉक्सचे आउटपुटकडचे पार्ट याला चालत नाहीत. मागवताना 'राइट साइड ड्राइव्ह' हे शब्द सांगितलेच पाहिजेत.

बेअरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे वाया जायची शक्यता जास्त. बेअरिंगवर नंबर असतो आणि तो नंबर म्हणजे माप. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, जाडी १५. माझ्या चाकातून जुनी बेअरिंग काढल्यावर बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ भरली, आणि दुकानदाराने लगेच ६२०५ पुढे केलं. व्हर्निअरने आतला व्यास मोजला तर २५.४. या बाईकचा अ‍ॅक्सल १ इंचाचा आहे. तिथे लागतं ६२०५-१६-२आरएस. मधला १६ म्हणजे सोळा सोळांश, पूर्ण एक इंच; २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ०.४ मिमी डोळ्याला दिसत नाही, पण साधं ६२०५ त्या अ‍ॅक्सलवर चढतच नाही. काही जण अशा वेळी अ‍ॅक्सल घासून बारीक करायला सांगतात. कृपया करू नका. योग्य बेअरिंग साधं आहे, स्वस्त आहे, आणि कुठल्याही बेअरिंगच्या व्यापाऱ्याला मागवता येतं. मोटरसायकलवाल्याकडून तेच घेतलं की डबी बदलते आणि भाव कितीतरी वाढतो. ऑइल सीलही असेच मापावर घ्यावेत: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

आटे हा दुसरा खतरनाक प्रकार. या गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी इंची आटे आहेत, पण बाहेरून आणून जोडलेल्या काही पार्टवर मिलिमीटरचे. ब्रेकच्या पाइपचा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून ब्रेक ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा असू शकतो किंवा १० मिमीचा, १ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, आणि २४ आट्यांची पिच १.०६ मिमीच्या जवळ. त्यामुळे इंची बोल्ट १० मिमीच्या भोकात बिनतक्रार जातो, थोडा घट्टही वाटतो, आणि त्याने आट्यांना अर्धवटच धरलेलं असतं. ब्रेकच्या बाबतीत असं चालणार नाही. पिच गेज लावल्याशिवाय मी आता एकही बोल्ट बदलत नाही.

टायरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिळतो, पण २५० च्या मापात निवड कमी आणि महाग. ३०० वाल्यांची अवस्था याहून कठीण.

आता परत डब्याकडे. पहिल्यांदा माझं ठाम मत होतं की मूळ डबाच पाहिजे, जुना का होईना. एका विक्रेत्याकडून 'तपासलेला, चालू' म्हणून मागवला. पार्सल आलं, बसवला, सगळे दिवे लागले. थोडे दिवस गेले आणि पुन्हा तोच डावा इंडिकेटर, तोच ब्रेक लाइट. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, तुमच्याच वायरिंगमध्ये शॉर्ट असेल, इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही. मी वायरिंग पूर्ण मोकळं करून, प्रत्येक वायर आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली चेसिस) यांच्यामध्ये मीटर लावून फोटो पाठवले. उत्तर नाही. पैसे गेले ते गेलेच. तेवढ्या पैशात समोरचे ब्रेक पॅड, दोन्ही चाकांची बेअरिंग आणि फोर्क सील आले असते, हे मला अजून बोचतं.

त्या भांडणाचा एक फायदा झाला. वायर एकेक मोजताना कारण कळलं. माझ्या गाडीत डबा ऑइल टाकीला जवळजवळ चिकटून बसवलाय. टाकीची उष्णता सतत, आणि त्यात एवढं मोठं इंजिन, चेसिसला रबराशिवाय बांधलेलं. दोन्ही डब्यांच्या कप्लरच्या (वायरी जोडायच्या सॉकेटच्या) मुळाशी ओतलेलं रसायन तडकलं होतं. तिथे बोटाने दाबलं की इंडिकेटर लागायचा, सोडलं की बंद. म्हणजे आतली जोडणी हलत होती. जुना डबा आणला की तेवढीच वर्षं तापलेला, हललेला दुसरा डबा येतो. तिथे माझं मत फिरलं. मूळ पार्टचा हट्ट टाकी, मडगार्ड, चाकांसाठी धरावा. इलेक्ट्रॉनिक्ससाठी नाही.

पर्याय दोन होते. एक म्हणजे तयार डिजिटल कंट्रोल बॉक्स. बर्लिनच्या मोटोगॅजेटचा एम-युनिट कस्टम बाईक बनवणाऱ्यांमध्ये चांगलाच प्रसिद्ध आहे; छोटा आहे, प्रत्येक टोकावर नाव छापलेलं, फ्यूजऐवजी सर्किट स्वतःच बंद करतो. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावा. दुसरा पर्याय फ्यूज-रिलेचा. मी दुसरा घेतला. पैसा हे एक कारण, आणि खरं सांगायचं तर पुन्हा एका बंद डब्यावर अवलंबून राहायची माझी तयारी नव्हती. सहा फ्यूजचा ब्लॉक, हेडलाइट, हॉर्न, इग्निशन आणि सेल्फला वेगवेगळे रिले, इंडिकेटर लुकलुकवणारा, एलईडीला चालणारा फ्लॅशर. हँडलची बटणं तीच ठेवली, कारण त्यांच्यातून रिलेच्या कॉइलपुरताच करंट जातो. बारीक वायरींना तेवढा झेपतो. इंडिकेटरला मात्र हँडलपर्यंत नवीन वायर ओढून वेगळा स्विच लावावा लागला.

जास्त वेळ गेला तो अर्थिंगमध्ये. चेसिसवर पावडर कोटिंग आहे आणि त्यातून करंट जात नाही. कारखान्याने जिथे अर्थ घेतला होता तिथे आट्यांपुरताच धातू उघडा होता. ती जागा खरवडून स्वच्छ केली, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला जाड केबल आणि चेसिसला वेगळी केबल दिली. सेल्फ मारताना इंजिन आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावून बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी अर्थ दुरुस्त करा, मग दुसऱ्या पार्टवर संशय घ्या. माझा सेल्फ आता गरम इंजिनलाही एका झटक्यात फिरवतो. सेल्फ मोटर कमजोर झालीय म्हणून मी नवीन शोधायला लागलो होतो. ती गरजच उरली नाही.

स्पीडोमीटरची धास्ती होती, कारण त्याचा सिग्नल डब्यातून जायचा. पण गिअरबॉक्सवरचा सेन्सर तीन वायरींचा निघाला: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल थेट मीटरला जोडला, कॅलिब्रेट केला, जीपीएसशी ताडून पाहिला. बरोबर दाखवतो.

इंडिकेटर आता हाताने बंद करावा लागतो. त्याचं मला काही वाटत नाही. चालवायला गाडी पूर्वीइतकीच सुंदर आहे: सरळ रस्त्यावर संथ, भारदस्त, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये खालून ओढणारी. वळणावर २५० चा टायर गाडीला सरळ उभं करायला बघतो, हँडल धरून ठेवावं लागतं, आणि या वजनाच्या गाडीत ते असणारच. सायलेन्सर तापतो. मायलेजची अपेक्षा ठेवून कोणी ही गाडी घेत नाही.

कोणी अशी गाडी बघायला जाणार असेल तर सीट आधी उचला. चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: ५ म्हणजे २००५, ७ म्हणजे २००७. त्याच मॉडेलमध्ये वर्षागणिक वायरिंग बदललेलं असतं, म्हणून विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा नंबर वाचा. मूळ डबा असेल आणि सगळं चालू असेल, तरी फ्यूज-रिलेवर आणायचा खर्च धरूनच भाव ठरवा. आधीच्या मालकाने तो काढून टाकला असेल आणि वायरींवर नावाच्या पट्ट्या लावल्या असतील, तर त्या गाडीला थोडे जास्त द्यायलाही माझी हरकत नाही.

माझ्याकडे आता एकच काम राहिलंय. मागच्या दिव्याचं लाल आवरण. ते मडगार्डच्या वळणाप्रमाणे ओतलेलं आहे, कोणाचा शिक्का नाही, माप घेऊन बाजारातलं बसवावं तर कडा जुळत नाहीत. तडा गेलेला तुकडा चिकटवून साचा काढायचा प्रयत्न चालू आहे, पण एक कोपरा गायब असल्यामुळे वळण नीट येत नाही. कोणाकडे अखंड असेल तर साच्यापुरतं हवंय. पार्सलचा दोन्हीकडचा खर्च माझा, आणि पहिली चांगली निघालेली प्रत त्याच्याबरोबर परत येईल.