जुनी गाडी देऊन नवी: एक्स्चेंज सेवेचा अनुभव

फर्मच्या नावावरची जुनी कार देऊन तशीच नवी घेण्यासाठी आम्ही पुण्यातील एका विक्रेत्याची एक्स्चेंज सेवा घेतली. गाडीची तपासणी काटेकोर होती आणि आरसी हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० त्यांनीच भरून घेतले, त्याबद्दल तक्रार नाही. हिशेबाची बाजू मात्र लंगडी निघाली.

त्यांच्या कोटेशनमध्ये जुन्या गाडीची किंमत वजा करून एकच निव्वळ रक्कम दाखवली होती, आणि विक्री प्रतिनिधी ‘अदलाबदल आहे, कर कसला?’ असे ठामपणे सांगत होता. आयकराच्या दृष्टीने अदलाबदल हेही हस्तांतरणच असते. जुन्या गाडीचे मिळालेले मूल्य १५ टक्के घसाऱ्याच्या (वापरामुळे दरवर्षी धरली जाणारी किमतीतील घट) गटातून, म्हणजे त्याच दराच्या मालमत्तांच्या एकत्रित हिशेबातून, वजा होते आणि नवीची पूर्ण किंमत त्याच गटात मिळवली जाते, त्यामुळे गटात शिल्लक उरली तर नफ्यावर लगेच कर लागत नाही. जीएसटीचे तसे नाही. खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेले नसेल, तर घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जेवढे जास्त मिळाले तेवढ्यावरच, १६ जानेवारी २०२५ पासून, १८ टक्के कर नोंदणीकृत व्यावसायिकाला भरावा लागतो: घसाऱ्यानंतरची किंमत ४ लाख आणि मिळाले ४.५ लाख, तर कर ९,००० रुपये. फरक उणे असेल तर काहीच नाही.

जुनीच्या विक्रीचे आणि नवीच्या खरेदीचे अशी दोन स्वतंत्र बिले मागितल्यावर मिळाली, पण बराच पाठपुरावा करून. सेवा घ्यावी, बिलांची अट मात्र बुकिंगपूर्वीच लेखी घालावी.