जुन्या अंकांचं युनिकोड करायचंय: कंपनी की एकटा माणूस?

आमच्या नागपूरच्या वाचनालयाकडे वार्षिक अंकांच्या, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली पडून होत्या. त्यातला मजकूर शोधता यावा, मोबाईलवर वाचता यावा म्हणून तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाईलना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायचा होता. दोन मोठ्या कंपन्या आणि शहरातल्याच महाल भागातले एक गृहस्थ, जे एकट्यानंच कामं घेतात, अशा तिघांना तीच २० पानं नमुन्याला दिली. तुमच्या संस्थेतही हा विषय निघाला असेल, तर तिन्ही कामं शेजारी ठेवल्यावर काय दिसलं ते सांगतो.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत अक्षराचे तुकडे साठवलेले असतात, तेही इंग्रजी अक्षरांच्या जागांवर. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाईलमध्येही आधी; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर. रफाराचं बरोबर उलटं. खरी परीक्षा इथेच होते.

पहिल्या कंपनीच्या पानांत 'परिस्थिती'चं 'परिसि्थती' झालं होतं. वेलांटी एका तुकड्यापुरती सरकवली, जोडाक्षर ओलांडून नेलीच नाही. दुसरीनं हे सांभाळलं, पण 'वऱ्हाड' सगळीकडे 'वर्हाड'. विदर्भातल्या अंकात हा शब्द पानोपानी येतो, आणि तोच चुकलेला पाहून आमच्या अध्यक्षांनी पान बाजूला सारलं. शिवाय दोघांनीही फायलींतून नुसता मजकूर काढून घेतला होता. त्यात फॉन्टची खूण पुसली जाते, मग लेखात मध्येच आलेलं इंग्रजी नावही मराठी समजून बदललं जातं आणि वाचता येत नाही.

महालातल्या गृहस्थांचं आयुष्य डीटीपीत गेलेलं, प्रोग्रॅमिंग ते पुढे शिकले. फायली हातात घेताच त्यांनी विचारलं, "जाहिराती कोणी लावल्या होत्या? तिथं फॉन्ट वेगळा असणार." तो वेगळाच होता. त्यांनी मजकूर आरटीएफमध्ये काढला, म्हणजे कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट ते टिकून राहिलं, आणि जुनी कुठली खूण म्हणजे युनिकोडमधलं कुठलं अक्षर, याचा प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता बांधला. ज्या खुणा तक्त्यात बसल्या नाहीत त्या लाल करून तशाच ठेवल्या, अंदाजानं काही भरलं नाही. मला सगळ्यांत मोलाचं हेच वाटलं. काम त्यांनाच दिलं.

दरात फार फरक नव्हता.

तुमच्याकडे फायली नसून फक्त छापील अंक असतील, तर मात्र मी कंपनीकडेच जा म्हणेन. हजारो पानं स्कॅन करायची, ती तपासायची, हे एका माणसाचं काम नाही. सरकारी अनुदानाचा पैसा असेल आणि निविदा काढावी लागणार असेल, तरीही एकट्या माणसाला कागदपत्रं जड जातात.

एकट्या माणसाचा धोका उघड आहे: तो आजारी पडला की काम थांबतं. म्हणून आम्ही करारात लिहून घेतलं की दर महिन्याच्या बिलासोबत त्या दिवसापर्यंतचे तक्ते आणि प्रोग्रॅम वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. त्यांनी लगेच मान्य केलं. पुढे दुसऱ्या कोणाला काम द्यावं लागलं, तर तो तिथूनच सुरू करू शकेल.

नमुन्याला सोपं पान देऊ नका. तळटीप, जाहिरात आणि इंग्रजी नावं असलेलं पान निवडा, आणि परत आल्यावर त्यात 'वऱ्हाड', 'मूर्ती', 'स्थिती' स्वतः टाईप करून शोधा. 'ॲ'चे शब्दही शोधा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधी ते 'अ'ला चंद्र जोडून लिहिलं जाई, त्यामुळे दिसायला बरोबर असलेला शब्दही शोधात सापडत नाही असं होतं.