स्टीफन विल्टशर यांचे लंडनमधील चित्रदालन : स्मरणशक्तीचे कौतुक बाजूला ठेवून

लंडनमध्ये पॅल मॅल या रस्त्याला लागून रॉयल ऑपेरा आर्केड ही दोनशे वर्षांपूर्वीची छप्परबंद बाजारगल्ली आहे. पाहिलेली शहरे आठवणीतून रेखाटणारे ब्रिटिश चित्रकार स्टीफन विल्टशर यांनी २००६ साली, म्हणजे ज्या वर्षी त्यांना एमबीई हा ब्रिटिश राजसत्तेचा किताब मिळाला त्याच वर्षी, तेथे आपले दालन थाटले. काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो, तो एखादे लहानसे मुद्रित चित्र घेण्याच्या बेताने.

१९७४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या विल्टशर यांना तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान झाले. ते बोलत नसत. क्वीन्समिल शाळेतल्या शिक्षकांनी त्यांच्याजवळचे चित्रकलेचे साहित्य मुद्दाम काढून घेतले, तेव्हा ते मागण्यासाठी उच्चारलेला ‘पेपर’ (कागद) हा त्यांचा पहिला शब्द. १९८७ साली बीबीसीच्या कार्यक्रमात वास्तुविशारद सर ह्यू कॅसन यांनी त्यांची वाखाणणी केली आणि अवघ्या ब्रिटनला हा मुलगा ठाऊक झाला. पुढे २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियो पाहून त्यांनी दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर ते शहर केवळ आठवणीतून उतरवले, तर २००९ साली न्यूयॉर्कवरून वीसेक मिनिटे फेरी मारून तेथील प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशिक्षणसंस्थेत सुमारे साडेपाच मीटरचे चित्र काढले. तेव्हापासून त्यांच्याविषयी बोलताना उड्डाण किती मिनिटांचे होते हे लोक असे सांगतात, जणू धावफलकच वाचत आहेत.

चित्रासमोर उभे राहिल्यावर मात्र मिनिटांचा हिशेब विसरायला होतो. न्यूयॉर्कच्या एका चित्रात हातभर अंतरावरून प्रत्येक खिडकी रेखीव दिसत होती. नाक टेकेल इतक्या जवळ गेल्यावर कळले की, बहुतेक खिडक्या म्हणजे पेनाचे दोन आखूड फटकारे आहेत आणि त्यांतली एकही चौकट धड बंद केलेली नाही. इमारत सरळ उभी वाटते, पण तिची कड किंचित थरथरते. पट्टी लावून काढलेल्या वास्तुरेखनात ही धग येत नाही. स्मरणशक्ती अफाट असेल, परंतु काय गाळावे हे ठरवतो तो हात, आणि त्या निवडीला मी अधिक मोल देतो.

उंचावरून पाहिलेल्या विस्तीर्ण शहरचित्रांपेक्षा रस्त्यावर उभे राहून पाहिलेली चित्रे मला सरस वाटली. विस्तीर्ण चित्रांत नजर थक्क होते, पण रेंगाळत नाही. उलट, काळ्या रेषांच्या गर्दीत पिवळ्या टॅक्सीपुरताच रंग असलेल्या मॅनहॅटनच्या एका चित्रापाशी मी बराच वेळ थांबलो आणि शेवटी तेच घेतले.

घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, मोठे शहरचित्र फार लहान आकारात घेऊ नये, कारण त्यात रेषा एकमेकींत मिसळून नुसता करडेपणा उरतो. चौकटीला चकाकी नसलेली काच लावून घ्यावी. मी ज्याच्याकडे चौकट करवली त्याने साधी काच बसवली, त्यामुळे दुपारी चारनंतर माझ्या मॅनहॅटनमध्ये समोरची खिडकीच अधिक ठळक दिसते.