कार्बोरेटरला पडलेलं भोक

गाडीखाली पेट्रोल ठिबकतंय आणि मेकॅनिक म्हणतोय, ‘कार्बोरेटरला भोक पडलंय, नवीन टाकावा लागेल,’ असं तुमच्या बाबतीत झालं तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. माझे अठ्ठावीसशे रुपये असेच गेले.

मी कराडजवळच्या गावात राहतो आणि रोज पहाटे शहरात दूध घालतो. गाडी स्प्लेंडर, २००९ ची, दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. गेल्या श्रावणात गाडी काढताना खाली ओल दिसायला लागली. दोन दिवस वाटलं पावसाचं पाणी असेल. तिसऱ्या दिवशी वास आला. कार्बोरेटरपासून (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) इंजिनाखाली जी बारीक नळी लोंबते, तिच्या टोकातून थेंब थेंब पेट्रोल पडत होतं. गाडी असते पडवीत, आणि तिथून आठ-दहा पावलांवर पाण्याचा बंब. आई पहाटे साडेचारला त्यात जाळ घालते. ते आठवलं आणि अंगावर काटा आला. त्यात माझ्या हाताला, कॅनच्या झाकणाला पेट्रोलचा वास राहायला लागला. दोन घरांनी त्या वासापायी दूध बंद केलं. मी घाईला आलो होतो आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता, म्हणून रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजात गेलो. त्याने कार्बोरेटर उतरवला, खालचा कप काढला आणि मला जवळ बोलावलं. कपाच्या आत एक बारीक पितळी नळी उभी होती. तिच्या भोकावर बोट ठेवून म्हणाला, “मालक, हे बघा. भोक पडलंय. इथनंच गळतंय सगळं.” वरून हवा मारून दाखवली, ती खालच्या नळीतून बाहेर आली. मला पटलं. डोळ्यांनी भोक दिसतंय, हवा जातेय, आणखी काय पाहिजे? “बॉडीच गेली. ह्याला दुरुस्ती नाही. ओरिजनल टाकून देतो, परत बघायला नको.” मी जुना मागितला तर म्हणाला, जुना माझ्याकडे राहतोय म्हणूनच तर दोनशे कमी लावलेत. अठ्ठावीसशे रोख दिले. बिल मागितलं नाही. ही माझी चूक पुढे फार महागात पडली.

साठाच्या आसपास अ‍ॅव्हरेज देणारी गाडी महिन्याभरात पंचेचाळीसवर आली. सकाळी चोक ओढूनही आठ-आठ किका. आणि साधारण चाळीस दिवसांनी पडवीत पुन्हा तोच ओला डाग. नव्या कार्बोरेटरमधून!

माझा भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकलाय. तो रविवारी आला, त्याने माझ्यासमोर कप उघडला आणि विचारलं, “मामा, त्याने भोक कुठलं दाखवलं?” मी पितळी नळी दाखवली. तो म्हणाला, “ते भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं.”

हे प्रत्येक गाडीवाल्याने नीट समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो. टाकीतलं पेट्रोल कपात येतं. कपात एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर जातो आणि एका लहान पिनला ढकलून येण्याचं तोंड बंद करतो. पिनच्या टोकाला रबर असतं. त्या टोकाखाली कचऱ्याचा एक कण अडकला किंवा रबर झिजून त्यावर गोल खाच पडली, की तोंड पूर्ण मिटत नाही. पेट्रोल चढतच राहतं. ते इंजिनात शिरू नये म्हणून ही उभी नळी ठेवलेली असते. जास्तीचं पेट्रोल तिच्या वरच्या तोंडातून खाली वाहून जातं. म्हणजे पेट्रोल त्या भोकातून येत होतं हे खरं होतं, पण भोक हा बिघाड नव्हता. त्या माणसाने मला खरी जागा दाखवून खोटं कारण सांगितलं. म्हणूनच मी फसलो. (ही नळी क्वचित चिरते, नाही असं नाही. पण मग पेट्रोलची पातळी बरोबर असतानाही गळतं, आणि ती चीर नळीच्या अंगावर असते, तोंडाशी नाही.)

आमच्या पिनखाली गंजाचा कण होता, तांबूस, मोहरीहून बारीक. टाकीत टॉर्च मारला तर तळाला गंज. कार्बोरेटर कितीही नवे घातले असते तरी गळती परत आलीच असती. गाडी वर्षानुवर्षं ओलीत उभी. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जुन्या लोखंडी टाकीला ते सोसत नाही, जुन्या रबरालाही नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन गॅरेजात गेलो. मेकॅनिक म्हणाला, जुना माल शनिवारी भंगारात जातो. पण भिंतीला तारेवर तीन कार्बोरेटर धुऊन लटकवले होते. माझ्या कार्बोरेटरचा खालचा ड्रेनचा स्क्रू मागे हरवला होता, तेव्हा भाच्याने दुसरा, जरा लांब, पितळी स्क्रू बसवला होता. मधल्या कार्बोरेटरला तोच स्क्रू. भाच्याने बोट दाखवलं. “सगळे सारखेच असतात,” मेकॅनिक म्हणाला, आणि मग आवाज चढवला, “बिल दाखवा, बिल.” बिल नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला माहीत होता, पण कागदाशिवाय काय सांगणार होतो? शेवटी माझाच कार्बोरेटर मी पाचशे रुपये मोजून परत आणला. परत येताना वाटेत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

घरी तो जुनाच परत बसवला. जे केलं ते अंगणात केलं, इंजिन गार झाल्यावर, बंब विझवून, पेट्रोल कॉक बंद करून. कपात राहिलेलं पेट्रोल स्टीलच्या भांड्यात काढलं. कपाचे स्क्रू मऊ असतात. बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरूनच फिरवायचा, नाहीतर डोकं सपाट होतं. फ्लोटची आडवी कांडी हळू ढकलायची. ठोकली तर तिचे खांब मोडतात आणि मग खरोखरच कार्बोरेटर जातो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार घालायची नाही. आमच्या पिनच्या रबरावर खाच दिसली, म्हणून नवी पिन आणि कपाची रबरी रिंग आणली, दोन्ही मिळून दोनशेच्या आत. जोडण्याआधी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकी फुंकर मारली. हवा अडली म्हणजे पिन नीट बसली.

टाकी उतरवून धुतली, कॉकची गाळणी बदलली, मध्ये एक फिल्टर बसवला. इंजिन ऑइलची काडीही काढून पाहिली. ऑइल वाढलेलं असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू न करता आधी ऑइल बदलायचं. आमचं ठीक होतं.

त्यानंतर पडवी कोरडी आहे. अ‍ॅव्हरेज पुन्हा अठ्ठावन्न-साठ. हे सगळं घरी जमलं नाही तरी हरकत नाही, चांगले मिस्त्री खूप आहेत. पण कप तुमच्यासमोर उघडायला सांगा, पिनचं टोक आणि तिची बैठक स्वतः बघा, काढलेला भाग पिशवीत घालून घरी न्या, आणि रक्कम लहान असली तरी पक्कं बिल घ्या. जो मेकॅनिक पिनबद्दल एक शब्दही न बोलता थेट बॉडी गेली म्हणतो, त्याच्याकडून गाडी ढकलत नेली तरी चालेल.

दूध बंद केलेल्या दोन घरांपैकी एकाने दिवाळीत परत सुरू केलं. दुसऱ्यांनी पिशवीचं लावलंय.