टायमिंग बेल्ट तुटला: गाडी दुरुस्त करायची की सोडून द्यायची? दोन गाड्या, दोन निर्णय

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीत दोन गाड्यांचे टायमिंग बेल्ट तुटले. एक दाजींची २०१४ची डिझेल, १,१८,००० किलोमीटर झालेली. दुसरी शेजारच्या काकांची २००७ची छोटी पेट्रोल गाडी. दाजींनी सत्तर हजार घालून गाडी उभी केली. काकांना अठ्ठावीस हजारांत काम होत होतं, तरी त्यांनी ती भंगारात दिली. दोन्ही वेळा मी गॅरेजच्या बाकड्यावर बसलो होतो आणि दोघांनीही बरोबर केलं असं माझं मत आहे. तुमची गाडी आत्ता टो होऊन कुठेतरी उभी असेल, तर हा हिशेब तुमच्यासाठी.

आधी आत काय होतं ते. पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा म्हणजे क्रँक, आणि हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक, हे गणित बेल्ट सांभाळतो. बेल्ट गेला की कॅम जागच्या जागी थांबतो, उघडे असलेले व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांना धडकतात. जुन्या काही पेट्रोल इंजिनांत दोघांच्या मध्ये पुरेशी जागा असते, तिथे नवा बेल्ट घातला की काम संपतं. डिझेलमध्ये ती आशा धरू नका. तिथे हवा पंधरा-सोळा पट दाबायची असते, त्यामुळे पिस्टन वर आला की हेडपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, जेमतेम मिलिमीटरभर फट उरते.

आपल्याकडे कोणाला बेल्ट आणि कोणाला चेन, यात लोकांचा फार गोंधळ असतो. रेनो डस्टर आणि निसान टेरानोचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं १.५ टीडीआय, इकोस्पोर्टचं १.५ डिझेल, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल हे सगळे बेल्टवाले. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन. इनोव्हात निदान डॅशबोर्डवर बेल्टचा दिवा लागतो. बाकीच्यांत मॅन्युअल उघडून किलोमीटर आणि वर्षं दोन्ही पाहायची, जे आधी भरेल ते धरायचं. गाडी उभी राहिली तरी रबराचं वय होतंच.

दाजींनी गाडी सेकंडहँड घेतली होती. बेल्ट कधी बदलला याचा कागद नव्हता, आधीचा मालक म्हणाला होता "झालंय सगळं". कराडहून कोल्हापूरला येताना किणी टोलनाक्याच्या अलीकडे, ऐंशीच्या वेगात, पाचव्या गिअरमध्ये इंजिन बंद पडलं. मोठा आवाज नाही, धूर नाही. क्लच दाबून ते कडेला आले आणि मग सगळे करतात तेच त्यांनी केलं: तीन वेळा सेल्फ मारला.

तो आवाज ओळखायला शिका. चांगलं इंजिन सेल्फवर दम खात फिरतं, घर्र-घर्र-घर्र, प्रत्येक कॉम्प्रेशनला थोडं अडतं. बेल्ट तुटलेलं इंजिन झर्रकन फिरतं, शिलाई मशीन रिकामं पळवावं तसं. हा आवाज आला की किल्ली काढून खिशात टाका. जे वाकायचं ते बहुधा पहिल्या एक-दोन फेऱ्यांत वाकलेलं असतं, पण त्यात आणखी भर कशाला? मिस्त्रीने फोनवर पहिलं वाक्य हेच टाकलं, "सेल्फ मारू नगा आता, हाय तशी आणा."

आकडा ऐकायच्या आधी दोन-अडीच हजार खर्च करा

लोक इथे घाई करतात. सर्व्हिस सेंटरने १,४२,००० सांगितले, दाजींचं तोंड उतरलं, आणि त्याच संध्याकाळी "किती येतील तशीच विकली तर?" सुरू झालं. पण १,४२,००० हा आकडा हेड न उघडता आला होता. त्यात नवीन हेड असेंब्ली धरलेली. आत काय मोडलंय हे तोवर कोणीच पाहिलं नव्हतं.

बेल्टचं वरचं कव्हर सहज निघतं. बेल्ट दिसला की निम्मं कळतं. दाजींच्या बेल्टचे दात एका बाजूने सोललेले होते आणि टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीची) बेअरिंग निळी पडून जाम झाली होती. म्हणजे मेला बेल्ट, मारलं बेअरिंगने. म्हणूनच बदलताना नुसता बेल्ट घेऊ नये, टेन्शनर-आयडलरसह पूर्ण किट घ्यावं. बेल्टवर वॉटर पंप चालत असेल तर तोही.

मग त्या मापाचा कसलाही कामचलाऊ बेल्ट खुणा जुळवून चढवतात, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन फेऱ्या फिरवतात आणि हवा भरून लीक टेस्ट करतात. पेट्रोलमध्ये प्लगच्या भोकातून कॅमेरा आत घालता येतो. डिझेलमध्ये ग्लो प्लगचं (थंड इंजिन सुरू होताना आत गरम करणाऱ्या प्लगचं) भोक अरुंद, आणि जुना ग्लो प्लग काढताना तुटला तर नवीनच दुखणं, म्हणून चांगला मिस्त्री तिथे जबरदस्ती करत नाही. दाजींच्या चारपैकी तीन सिलिंडरमधून हवा सरळ निघून गेली. हेड उतरवायचं ठरलं.

गॅरेजवाला "बेल्ट टाकून सेल्फ मारून बघू" म्हणाला तर गाडी तिथून हलवा.

हेडचं काम करणं की जुनं इंजिन बसवणं

हेड खोलून टेबलावर आल्यावर दोन रस्ते दिसतात.

कोल्हापूरला उद्यमनगर आहे, त्यामुळे हेडच्या कामाला आम्हाला लांब जावं लागत नाही. व्हॉल्व्ह, गाईड, सीट कटिंग, फेसिंग, सगळं एका गल्लीत. पण डिझेल हेडला फेसिंग किती मारायचं, म्हणजे खालची बाजू घासून किती सपाट करायची, याला मर्यादा असते, काही कंपन्या तर करूच नका म्हणतात. हेड गॅस्केटही पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्या जाडीचं निवडायचं असतं. आमच्या मिस्त्रीने डायल लावून चारही पिस्टन मोजले. मला ते उगाच वेळ घालवणं वाटलं. मग त्याने सांगितलं, एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर खालचा कनेक्टिंग रॉड वाकलाय. तसं असेल तर हेडवर केलेला सगळा खर्च पाण्यात. चारही सारखे निघाले. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, तडा नव्हता. तेवढं चालतं.

दाजींचं बिल असं झालं: व्हॉल्व्ह आणि हेडचं मशीनकाम १७,०००, कॅम आणि टॅपेट १४,०००, गॅस्केट सेट आणि हेडचे नवे बोल्ट ८,५००, वॉटर पंपासह टायमिंग किट ९,०००, ऑइल-फिल्टर-कूलंट ४,५००, लेबर १४,०००, टोइंग ३,०००. एकूण सत्तर हजार. हेड बोल्ट जुनेच वापरून दोन-तीन हजार वाचवू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. असे बोल्ट पहिल्यांदा आवळतानाच ताणले जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत.

जुन्या इंजिनाचा भाव बसवण्यासकट ८५,००० आला. ऐकायला सोपं: चार दिवसांत गाडी हातात. मला हा पर्याय फक्त एका परिस्थितीत पटतो, व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलंय आणि पिस्टन-लायनर फोडलाय. एरवी तुम्ही इंजिनाचा ओळखीचा, शाबूत खालचा भाग देऊन अनोळखी इंजिन घेताय. ते किती चाललंय हे विकणारा सांगेल तेच, आणि त्याच्यावरचा बेल्टही तुमच्या तुटलेल्या बेल्टइतकाच बेवारस. त्यावर कागदांची कटकट वेगळी. आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी इंजिन कुठून आलं याचं बिल लागतं. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर उत्तर तुम्ही देत बसणार. विम्याच्या क्लेमलाही नंबर जुळला नाही की अडकलं.

विम्याचं निघालंच आहे तर एवढंच: बेल्ट झिजून तुटणं हा यांत्रिक बिघाड, साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी तो देत नाही. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं असेल तरी त्याचा रोख मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळती यांवर असतो. अटी वाचा, पण त्या भरवशावर निर्णय थांबवू नका.

दुरुस्ती की तशीच विकणं

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. "गाडीची किंमत पावणेतीन लाख, तिच्यावर सत्तर हजार घालायचे?" असं विचारतात. पण बंद पडलेली गाडी पावणेतीन लाखांची राहिलेलीच नसते.

आम्ही दोन डीलरना दोन-दोन प्रश्न विचारले: चालू असती तर किती, आहे तशी किती. चालू गाडीला २,७५,०००, आहे तशी ९०,०००. फरक १,८५,०००. सत्तर हजार घालून १,८५,००० परत मिळत असतील, तर विकायचीच असली तरी आधी दुरुस्त करून विकावी. सर्व्हिस सेंटरचे १,४२,००० मोजले असते तरी कागदावर त्रेचाळीस हजार वरच राहत होते. डीलर बंद गाडी घेतो ती याच फरकासाठी.

याला जोडूनच दुसरा प्रश्न: विकून घ्याल काय? नव्वद हजारांत सत्तर हजार मिसळून १,६०,०००ची सेकंडहँड घेतली, तर तिचा बेल्ट कधी बदलला हे कोण सांगणार? कदाचित तीही अशीच कोणाची तरी बंद पडलेली, डीलरने स्वस्तात चालू केलेली असेल. दुरुस्त केलेल्या स्वतःच्या गाडीचं निदान हेड, बेल्ट आणि पंप तुमच्या डोळ्यांदेखत नवे झालेत. तिचा क्लच कधी बदलला, टायर किती उरलेत, टर्बो शिट्टी मारतो का, हे तुम्हाला माहीत आहे. या माहितीची किंमत मी तरी वीस-पंचवीस हजार धरतो.

उलट क्लच घसरतोय, इंजेक्टर टपकतायत आणि टायर गुळगुळीत आहेत अशी गाडी असेल, तर ते खर्चही सत्तर हजारांत मिळवा आणि मग फरकाशी ताडून पाहा. सुट्या भागांचाही विचार हवा. फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. पोलो-रॅपिडची छोटी डिझेल इंजिनं आणि डस्टरचं डिझेल २०२०च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर गेली. किट आणि व्हॉल्व्ह मिळतात, पण कॅम किंवा हेड लागणार असेल तर हातात यायला किती दिवस ते आधी विचारा. गाडी सहा आठवडे गॅरेजमध्ये धूळ खाणार असेल तर तोही खर्चच.

काकांच्या गाडीला हेच गणित का लागू पडलं नाही

काकांच्या गाडीला दुरुस्ती फक्त अठ्ठावीस हजार. चालू गाडीचा भाव साठ हजार, बंद गाडीचा बावीस. फरक अडतीस, म्हणजे कागदावर दहा हजार फायदाच.

पण मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. टायर २०१७चे. एसीचा कॉम्प्रेसर दोन उन्हाळ्यांपासून मुका. पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी केलेलं नूतनीकरण २०२७ला संपणार, तेव्हा गाडी वीस वर्षांची, आणि २०२५पासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी दहा हजार झालीय. शिवाय फिटनेस आणि हरित कर. त्या पत्र्यावर फिटनेस कोण देणार? काका वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरतात, त्यातले निम्मे जोतिबा आणि दवाखाना. दहा हजारांचा तो फायदा पहिल्या चार टायरांतच संपला असता.

बावीस हजार देणारा भंगारवाला घरी येऊन गाडी उचलायला तयार होता. काकांनी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली, तिथे तीन हजार कमी मिळाले. मी असतो तरी तेच केलं असतं. केंद्रातून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतो. केंद्र सरकारच्या नियमात त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं. काकांना नवी गाडी घ्यायची नव्हती. त्यांना हवी होती आरसी रद्द झाल्याची नोंद. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गाडी जाते, पण नाव आरटीओत आपलंच राहतं, आणि तो नंबर उद्या कुठल्या गाडीवर फिरेल याचा नेम नसतो.

दाजींच्या गाडीचं काम बारा दिवस चाललं. जुने व्हॉल्व्ह, टेन्शनर आणि बेल्ट मिस्त्रीने न मागता पिशवीत भरून दिले. मागावे लागले असते तरी मागितलेच असते, भाग खरंच बदलले याचा दुसरा पुरावा नसतो. बेल्टच्या कव्हरवर पांढऱ्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून घेतले. हजार किलोमीटरला गाडी पुन्हा दाखवायला नेली, तेव्हा कूलंट पाव लिटर कमी भरलं. हेड गॅस्केटच्या भीतीने दाजींचा चेहरा पडला. मिस्त्रीने टॉर्च मारून अर्धा तास शोधलं आणि वॉटर पंपाच्या पाइपची एक ढिली क्लिप आवळून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.